शिक्षिकाबाईंची बाग

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं हिस,
अ. उ. आ.

‘वन्सं’ म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. तू माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलीस तरी नवऱ्याची बहीण ती वन्संच, आणि आज मला तुझ्याकडे काही मागायचंय, तेव्हा मान देणं भाग आहे.

हे पत्र ग्रंथालयातून लिहिते आहे. समोर नव्या पुस्तकांचा ढीग, हातात शिक्का, आणि वाचक म्हणून एकच आजोबा, तेही वर्तमानपत्रावर डोकं टेकून झोपलेले. घरून लिहायची सोय नाही. फोनचं तर नावच काढू नकोस. फोन बैठकीच्या खोलीत असतो, आणि निवृत्त झाल्यापासून तुझे दादाही बैठकीच्या खोलीत असतात.

तर बातमी अशी की नळाला आता एक दिवसाआड पाणी येतं आणि बागेला नळी लावायची बंदी झाली आहे. हिरवळ गेली, गं! आधी पिवळी झाली, मग भुरकट, आता तिच्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. यांनी आधी स्वतःच्या आंघोळीचं पाणी तिला घातलं, मग माझ्या आंघोळीचं. चहाच्या पाण्यावर डोळा गेला तेव्हा मी पातेल्यावर झाकण ठेवून उभी राहिले. तरी रोज सकाळी कात्री घेऊन बाहेर जातात, वाकून बघतात आणि तसेच परत येतात. पहिले आठ दिवस मला हसू आलं. आता येत नाही.

त्यात समोरचे दंतवैद्य. त्यांनी अंगणभर सिमेंट घातलंय आणि रोज फाटकाशी येऊन सांगतात की तुम्हीही घालून टाका, कटकट मिटेल. काल यांनी खरंच सिमेंटवाल्याचा नंबर मागून घेतला. कागदाची घडी करून ती खिशात घातली. ते बघितलं आणि आज तुला पत्र लिहायला बसले.

म्हणून सांगते, तू बाग आखून दे. कमी पाण्याची, तुझ्या पद्धतीची. चोरून. मला ठाऊक आहे की सात वर्षांपूर्वी घरभरणीला, यांच्या कचेरीतल्या चाळीस माणसांसमोर, तू या हिरवळीला ‘हिरवं सिमेंट’ म्हणालीस आणि तेव्हापासून तुम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाही. तुला वाटतं त्याने बोलवावं, यांना वाटतं तिने यावं, आणि मी मधल्या मधे सात वर्षं दोघांच्या तब्येतीचे निरोप पोचवते आहे. आता पुरे. बाग तर व्हायलाच हवी, पण मला त्या बागेत तुम्ही दोघं भांडताना हवी आहात. समोरासमोर.

उत्तर ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. लोभ आहेच, तो निदान एक दिवसाआड तरी सोडत जा.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून अशी उडाले की टेबलावरची बियांची बरणी सांडली. आता माझ्या कचेरीच्या फरशीत काय काय उगवेल देव जाणे. वहिनी, तू कमाल आहेस! दुसऱ्यांच्या शंभर बागा आखल्या, पण दादाच्या अंगणाला हात लावायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आधी मनातलं सांगून टाकते. मी म्हणाले ते खरं होतं. त्या हिरवळीत ना फुलपाखरू, ना किडा, ना पाखरू. नुसतं पाणी प्यायची आणि औषध मागायची. पण ते चाळीस माणसांसमोर म्हणायचं नव्हतं. तेव्हा मी नुकती शिकून आले होते आणि जगातलं सगळं मलाच कळतं असं मला वाटत होतं. दादाचा चेहरा अजून आठवतो. त्याच्या हातात पाहुण्यांसाठी बिस्किटांचं ताट होतं. तो ते ताट घेऊन तसाच आत गेला आणि बाहेर आलाच नाही. मला त्याची एक ओळ हवी आहे, वहिनी. रागाची चालेल. ‘मूर्ख आहेस’ एवढी आली तरी मी ती चौकटीत लावीन.

आता काम. हिरवळ उपटायची नाही, खणायची नाही, औषध मारायचं नाही. ग्रंथालयात पुस्तकांची खोकी येतात ना? ती उघडून पुठ्ठे गवतावर अंथरा, वर हातभर पालापाचोळा टाका, एकदाच ओलं करा आणि विसरून जा. खालचं गवत कुजेल आणि त्याची माती होईल. सोबत नकाशा पाठवते आहे. तीस बाय वीस फुटांचा चौकोन, त्यात आकडे, आणि आकड्यांची यादी वेगळ्या कागदावर. एक म्हणजे उथळ तळं, दोन खताची रास, तीन उंच झुडपं, चार बसायचा बाक, असं नऊपर्यंत. झाडं सगळी तुमच्याच भागात आपणहून उगवणारी, लाड न मागणारी. छपराच्या पन्हळीचं पाणी गटारात न सोडता चरातून बागेत फिरवायचं, म्हणजे नळाकडे बघायलाच नको.

अक्षर दादाने ओळखू नये म्हणून सगळं डाव्या हाताने लिहिलं आहे. दोन दिवस लागले. कुणी आखलं म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ, तू एवढी पुस्तकं वाचतेस.

तुझी लाडकी (आणि मानाची),
वन्सं


२ मार्च

प्रिय वन्सं हिस,
अ. उ. आ.

थाप जमली! मी यांना सांगितलं की ग्रंथालयातर्फे टपालाने बागकाम शिकायचा वर्ग सुरू झालाय, मी नाव घातलंय, आणि हा शिक्षिकाबाईंनी दिलेला पहिला पाठ. शिक्षिकाबाई कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, फार विद्वान आहेत, वय साठ, चष्मा जाड, आणि कडक. बोलता बोलता मी त्यांना संधिवातही देऊन टाकला, म्हणून तर अक्षर असं वाकडंतिकडं. यावर हे ‘अरेरे’ म्हणाले आणि नकाशा उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. मग आत जाऊन लाल पेन्सिल घेऊन आले.

लाल पेन्सिल, वन्सं! कचेरी सुटल्यापासून तिला हात लावला नव्हता. तीस वर्षं मोजणी खात्यात याच पेन्सिलीने यांनी लोकांच्या बांधांचे नकाशे तपासले. मला इतका आनंद झाला की मी सिमेंटवाल्याचा कागद त्यांच्या शर्टासकट धुऊन टाकला.

आता त्यांचे आक्षेप ऐक. शिक्षिकाबाईंना कळवायला सांगितलेत. पहिला, वाट वाकडी का? दोन बिंदूंमधलं अंतर सरळ रेषेत सगळ्यात कमी असतं, हे बाईंना ठाऊक असेलच. दुसरा, वाटेवर फरशी न बसवता नुसती खडी का? तिसरा, तळ्याची एक बाजू उतरती का दाखवली आहे, आणि उतार किती हे का लिहिलं नाही? चौथा, वाळलेल्या लाकडांचा ढीग बागेत ठेवायला सांगितलाय तो विसरून राहिलाय का? पाचवा आक्षेप असा की बाईंनी आक्षेपांसाठी समासात जागा सोडलेली नाही.

पुठ्ठे अंथरून झाले. मी खोकी सायकलवरून आणते आणि हे ती कोन जुळवून मांडतात, कडेला कड, फटीत बोटही जाणार नाही. दंतवैद्य फाटकाशी येऊन विचारते झाले की घर बदलताय का. यांनी मान वर न करता सांगितलं की शास्त्रीय काम चालू आहे. मी तोंडावर हात दाबून आत पळाले.

कळावे, आणि आक्षेपांची उत्तरं लवकर यावीत, नाहीतर हे तार करतील.

तुझी,
वहिनी


९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शिक्षिकाबाईंचं उत्तर सोबतच्या कागदावर आहे, डाव्या हाताने, संधिवातासकट. (तो कशाला दिलास गं? आता मला प्रत्येक पानावर कण्हावं लागतं.) तुला थोडक्यात सांगते. वाट वाकडी, कारण सरळ वाटेने माणूस आणि पाणी दोघंही धावत सुटतात. आपल्याला दोघांनी रेंगाळायला हवंय. खडी अशासाठी की पाणी तिथल्या तिथे जमिनीत मुरतं. तळ्याचा उतार चार फुटांना एक फूट, म्हणजे आत पडलेला सरडा किंवा मधमाशी चालत बाहेर येऊ शकेल. लाकडांचा ढीग विसरलेला नाही, ती किड्यांची वसाहत आहे. समासाबद्दल बाई दिलगीर आहेत.

वहिनी, खरं सांगू? आजवर मला इतकं चांगलं गिऱ्हाईक मिळालेलं नाही. लोक विचारतात फुलं कधी येणार आणि शेजाऱ्यांपेक्षा मोठी येणार का. उताराचं प्रमाण कुणी विचारत नाही. त्याचे पाच आक्षेप मी पाच वेळा वाचले. पहिल्या वेळी चिडले, दुसऱ्या वेळी हसले, पाचव्या वेळी डोळे भरून आले, कारण माझ्या कामाकडे असं डोळे फाडून त्यानेच बघावं असं मला नेहमी वाटायचं. आता त्याने बघितलं, पण माझं म्हणून नाही.

ते असू दे. बाई खूश आहेत असं सांग. आणि तो विचारील त्याचं उत्तर द्यायला बाई चोवीस तास जाग्या आहेत.

लोभाची पन्हळ माझ्याकडे वळवलेली असू द्यावी.

तुझी,
वन्सं


२ एप्रिल

प्रिय वन्सं हिस,
आशीर्वाद वगैरे. घात झाला!

मी चार दिवस ग्रंथपालांच्या शिबिराला गेले होते. जाताना यांना म्हटलं की खणायचं काम मी आल्यावर दोघं मिळून करू. तीन दिवसांपूर्वी परत आले तर बाग तयार! चर खणलेला, खडी पसरलेली, झुडपं लावलेली, सगळं फितीने मोजून, एका इंचाचा फरक नाही. आणि सगळं उलटं!

तळं कुंपणाच्या कोपऱ्यात यायचं ना? ते आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली आलंय. खताची रास झुडपांच्या मागे लपायची होती, ती दाराच्या पायरीला लागून मांडली आहे. काल ग्रंथालयाच्या अध्यक्षीणबाई आल्या, त्यांनी पाय पुसायला जागा शोधली आणि पाऊल नेमकं तिच्यात घातलं. उंच झुडपं बैठकीच्या खिडकीसमोर. बाक फाटकाशी, तोंड दंतवैद्यांच्या घराकडे. परवा संध्याकाळी आम्ही दोघं त्या बाकावर बसलो, समोर दंतवैद्य त्यांच्या पायरीवर बसले, आणि अर्धा तास आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. शेवटी त्यांनी विचारलं की दाढ दुखते आहे का.

मी यांना म्हटलं, अहो, हे काय करून ठेवलंत? हे शांतपणे म्हणाले की नकाशात उत्तर दिशेचा बाण नाही. बाण नसेल तेव्हा कागदाची वरची बाजू उत्तर धरायची असा नियम आहे, आणि आपलं घर अंगणाच्या उत्तरेला आहे. चूक असेल तर ती शिक्षिकाबाईंची. त्यांना कळवून टाक.

मी डोक्याला हात लावला. तोंडून ‘तुमच्या बहिणीला’ एवढं निघूनही गेलं होतं, तेवढ्यात खोकल्याचं निमित्त करून वेळ मारून नेली. हे पाणी आणायला गेले.

आणि हे पुरेसं नव्हतं म्हणून परवा दुपारी अवेळी एक सर आली, अर्धा तासच, पण पन्हळीने आपलं काम चोख केलं आणि तळं भरलं. त्याच संध्याकाळी एक बेडूक आला. काल दुसरा आला. खिडकीखाली त्यांचं जे काही चाललंय ते मी बहिणीसमान नणंदेला लिहू शकत नाही. आता काय करू? बुजवू का?

घाईत,
वहिनी


७ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

बुजवू नकोस!! बेडूक राहायला आले म्हणजे आता ते घर त्यांचं झालं. मीच सगळीकडे भाषण देत फिरते की राहत्या जिवाला उठवायचं नाही, आणि आता मीच कुठल्या तोंडाने सांगू की दहा फूट पलीकडे सरका म्हणून? अध्यक्षीणबाईंचा प्रसंग मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवला. आमचा माळी हसता हसता कुंडीवर बसला आणि कुंडी फुटली.

पण चूक माझी आहे, वहिनी, शंभर टक्के माझी. मी नकाशा काढते तो दारात उभं राहून समोर बघितल्यासारखा. घर खाली, बाग वर. मला ते इतकं उघड वाटतं की बाण काढायचं सुचतच नाही. लहानपणापासून हेच. आणि दादाने नियमाप्रमाणे केलं. तो बिचारा नियमाप्रमाणेच करणार.

आता खरी पंचाईत सांगते. हे टपालाने निस्तरणार नाही. बेडूक तिथेच ठेवायचे तर बाकी सगळं त्यांच्याभोवती नव्याने मांडावं लागेल, आणि त्यासाठी ऊन कुठे पडतं, पाणी कुठून कुठे जातं हे जागेवर उभं राहून बघायला हवं. म्हणजे मला यायला हवं. आणि मी येऊ कशी? काल बॅग काढली, दोन कपडे भरले, आणि पुन्हा काढून ठेवले. दारात उभी राहिले आणि तो ताट घेऊन पुन्हा आत निघून गेला तर? तेवढं मात्र मला सोसणार नाही. त्याने एकदा ये म्हणावं, वहिनी. मग मी चालत येईन.

तोवर शिक्षिकाबाई आजारी आहेत असं सांग. संधिवात आहेच, वाढव.

आतून रडवेली आणि वरून हसरी,
तुझी वन्सं


११ एप्रिल

टपालाने बागकाम वर्ग यांच्या शिक्षिकाबाई यांस,
स. न. वि. वि.

विषय: तीस बाय वीस फूट अंगणाच्या नकाशातील त्रुटीबाबत.

आपल्या नकाशात उत्तर दिशेचा बाण दाखवलेला नाही. डाव्या हाताने काढलेलं अक्षर मी ओळखलं नाही, हे खरं आहे. पण बाण न काढता नकाशा पुरा झाला असं समजणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच आहे. शाळेत तिच्या भूगोलाच्या वहीत बाण मी काढून देत असे, सकाळी, ती वेणी घालायला बसलेली असताना. दहावीपर्यंत तिला ते कळलं नाही. तिला वाटायचं गुरुजी काढतात.

आता हे सरकारी पुरे. तुला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तू कागद कसा धरतेस आणि घर कुठल्या बाजूला ठेवतेस हेही मला पक्कं माहीत आहे. तरी मी वर उत्तर धरली. तीस वर्षांच्या नोकरीत एक खुंटी चुकीच्या जागी ठोकली नाही. ही बाग पहिली, आणि ती मी मुद्दाम चुकवली. आक्षेप घेऊन बघितले, तर उत्तर शिक्षिकाबाईंचं आलं. म्हटलं, संपूर्ण बाग उलटी झाली तर निदान आखणाऱ्या माणसाला जागेवर येऊन बघावं लागेल. तुझी वहिनी शिबिराला गेली तेव्हा संधी साधली.

खड्डा मी वीतभरच खोल ठेवला होता, तू आलीस की लगेच बुजवता यावा म्हणून. झुडपं कुंड्यांसकट मातीत ठेवली आहेत, उचलली की निघतील. पण पाऊस येईल आणि बेडूक बिऱ्हाड करतील हे मी धरलं नव्हतं. आता ते जात नाहीत. मीही जा म्हणत नाही. खिडकीतून त्यांची मोजदाद करतो, आज सकाळी पाच होते. मधमाश्यांची वेगळी नोंद ठेवली आहे. हिरवळीवर सात वर्षांत जेवढे जीव बघितले नाहीत तेवढे दहा दिवसांत बघितले. तू म्हणालीस ते बरोबर होतं. हे मला तेव्हाही समजलं होतं, म्हणून तर जास्त लागलं. त्या दिवशी मी आत जाऊन बसलो, आणि तू मागोमाग येशील म्हणून बराच वेळ दाराकडे बघत होतो. मीच बाहेर यायला हवं होतं. ते मी केलं नाही, याचं सात वर्षं वाईट वाटतं आहे.

तर ये. हे मी लिहून देतो आहे, खाली सही करतो आहे. तुझा पत्ता माझ्या वहीत पहिल्यापासून आहे. नवी नोकरी धरलीस तेव्हाही खोडून नवा लिहिला.

एक गोष्ट सांभाळ. मला सगळं ठाऊक आहे हे तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस. दीड महिना ती शिक्षिकाबाईंच्या गोष्टी रचते आहे. परवा त्या आजारी पडल्या, काल त्यांना इस्पितळात हलवलं, आणि ती ज्या रंगात येऊन हे सांगते ते बघून मला पोटभर हसू येतं आणि ते खोलीत जाऊन हसावं लागतं. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. तिचा बेत तिच्याच हातून तडीस गेला असं तिला वाटलं पाहिजे. तेव्हा तू न सांगता यायचं, आणि मी दार उघडून थक्क व्हायचं. आठ दिवस आरशासमोर थक्क होण्याचा सराव करतो आहे. अजून नीट जमत नाही. भुवया वर जातात, पण हसू आवरत नाही. शनिवारपर्यंत जमवतो. शनिवारच्या पुढे मला थांबवणार नाही.

आ. लोभेच्छू,
दादा